थॅडियस स्टीव्हन्स: दोन खटले आणि मधली तीस वर्षं

ज्यांचं नेटवर्क बोगद्यात गेलं, ज्यांचा एक इअरफोन बंद पडलाय, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्या सगळ्यांसाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना मी दर दोन वाक्यांनी "म्हणजे" म्हणतो, ते शक्य तेवढे काढून टाकलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.

आजचा माणूस आहे थॅडियस स्टीव्हन्स. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला वकील आणि खासदार. जन्म 1792, मृत्यू 1868. स्पीलबर्गचा 2012 चा 'लिंकन' पाहिला असेल तर टॉमी ली जोन्सने रंगवलेला तो विग घातलेला, लंगडणारा, समोरच्याला शब्दांनी सोलून काढणारा म्हातारा आठवत असेल. तोच हा. मी पण तिथूनच सुरुवात केली. सिनेमा संपल्यावर रात्री दीड वाजता त्याच्याबद्दल वाचायला घेतलं, आणि 1821 सालच्या एका खटल्यापाशी येऊन अडकलो. का, ते सांगतो. आधी थोडी पार्श्वभूमी.

व्हरमाँट राज्यातलं डॅनव्हिल नावाचं गाव. घरची गरिबी. थॅडियसचं एक पाऊल जन्मतःच वाकडं होतं. त्याच्या मोठ्या भावाला तर हाच त्रास दोन्ही पायांना होता. बाप चांभारकाम करायचा, पुढे तो घर सोडून गेला तो गेलाच. आई सारा हिने चार मुलगे एकटीने वाढवले. हा पोरगा शेतात कामाचा नाही, पण डोकं तल्लख आहे, हे तिने हेरलं आणि चांगल्या शाळेसाठी बिऱ्हाड शेजारच्या गावी हलवलं. पुढे तो डार्टमथ कॉलेजातून 1814 साली पदवीधर झाला, पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला आला, शाळेत शिकवता शिकवता कायदा शिकला. आता गंमत बघा. यॉर्कच्या वकीलमंडळींनी नियम केला, की कायदा शिकताना दुसरी नोकरी करणाऱ्याला सनद मिळणार नाही. मग हा शेजारच्या मेरीलँड राज्यात गेला, तिथे परीक्षा दिली आणि 1816 मध्ये वकील होऊन परत आला. परीक्षकांना मदिरा वाइनच्या बाटल्या पाजाव्या लागल्या, असाही किस्सा सांगतात. वकिली सुरू केली गेटिसबर्गला. हो, तेच गेटिसबर्ग. लढाई अजून सत्तेचाळीस वर्षं लांब होती.

आता तो खटला.

पेनसिल्व्हेनियाने 1780 साली गुलामगिरी हळूहळू संपवणारा कायदा केला होता. त्यात बाहेरच्या मालकांसाठी सवलत होती: तुम्ही तुमचा गुलाम घेऊन आमच्या राज्यात येऊ शकता, पण तो सहा महिन्यांच्या वर इथे राहिला तर मुक्त. शेजारच्या मेरीलँडमध्ये गुलामगिरी चालू होती, आणि गेटिसबर्गपासून मेरीलँडची सीमा जेमतेम दहा मैलांवर. चॅरिटी बटलर ही मेरीलँडच्या मालकाची गुलाम. तिला कामासाठी अधूनमधून पेनसिल्व्हेनियात आणलं जायचं. सगळे दिवस मिळून सहा महिने झाले, म्हणून मी आणि माझी मुलं मुक्त आहोत, असं तिचं म्हणणं. मालकाच्या बाजूने वकील होता स्टीव्हन्स. त्याचा युक्तिवाद असा, की सहा महिने सलग हवेत. मधे ती मेरीलँडला परत गेली की मोजणी पुन्हा शून्यावर. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1821 मध्ये तो मान्य केला. चॅरिटी हरली. ती आणि तिची मुलं पुन्हा मालकाच्या ताब्यात.

मंडळी, मी प्रोग्रामर आहे. मला हे वाचताना चक्क काउंटर दिसला. दिवस एकेक वाढतोय, मधे खंड पडला की शून्य.

आणि इथे मला माझं एक सांगितलं पाहिजे. एपिसोडमध्ये हा भाग ठेवायचा की कापायचा यावर दोन दिवस घातले, शेवटी ठेवला. माझ्या पहिल्या नोकरीत आमच्या टीमकडे एक काम आलं होतं. कंत्राटी कामगारांच्या हजेरीची प्रणाली. आपल्याकडे वर्षात 240 दिवस काम भरलं की कामगाराची सेवा कायद्याने सलग धरली जाते, आणि त्याला सहजासहजी काढता येत नाही. त्यामुळे कितीतरी ठिकाणी काय करतात, तर दिवस भरत आले की माणसाला 'ब्रेक' देतात. थोडे दिवस घरी बसवायचं, मग नव्याने घ्यायचं. क्लायंटला हवं होतं, की ठराविक दिवस झाले की त्या माणसाचं नाव पिवळं व्हावं, आणि मॅनेजरला मेसेज जावा. ते मी लिहिलं. अर्ध्या दिवसाचं काम. टेस्टिंगला एकही बग निघाला नाही, टीम लीडने पाठ थोपटली.

माझे मामा भोसरीला एका कारखान्यात टेम्पररी होते. लहानपणी उन्हाळ्यात आजोळी गेलो की मामा घरीच असायचे. "ब्रेक दिलाय रे," म्हणायचे. मला वाटायचं, मामांना पण आपल्यासारखी सुट्टी असते. तो कोड लिहिताना मामा एकदाही आठवले नाहीत. चॅरिटी बटलर वाचताना आठवले.

असो. गुलामगिरी आणि कंत्राटी नोकरी एक नव्हे, तसं मी म्हणत पण नाहीये. मला फक्त कळेना, की हा सलग-सहा-महिनेवाला वकील पुढे अमेरिकन संसदेतला गुलामगिरीचा सगळ्यात कडवा शत्रू कसा झाला.

खरं सांगायचं तर याचं सरळ उत्तर नाही. "त्या रात्री मला झोप लागली नाही" असली काही कबुली त्याने लिहून ठेवलेली नाही. दिसतं ते एवढंच, की दोन वर्षांनी, 1823 च्या स्वातंत्र्यदिनाच्या मेजवानीत त्याने जाहीरपणे इच्छा बोलून दाखवली, की पुढचा राष्ट्राध्यक्ष असा माणूस व्हावा ज्याने कधी कुणाला गुलामीच्या बेड्या घातल्या नाहीत. त्यानंतर तो या बाजूने कधी मागे हटला नाही.

राजकारणात आला तो एका विचित्र पक्षातून. फ्रीमेसन या गुप्त मंडळाला विरोध, एवढ्या एका मुद्द्यावर उभा असलेला पक्ष. तो भाग मी उडवतोय. त्यातला एकच प्रसंग सांगतो: 1838 साली निवडणुकीच्या वादातून राजधानी हॅरिसबर्गमध्ये जमाव विधिमंडळात घुसला, आणि आपले वाकड्या पायाचे नेते खिडकीतून उडी मारून निसटले.

पण त्याच काळातलं एक काम मोठं आहे. पेनसिल्व्हेनियाने 1834 मध्ये सगळ्या मुलांसाठी फुकट सरकारी शाळांचा कायदा केला. कर भरणारे खवळले. दुसऱ्याच्या पोरांच्या फीचे पैसे आम्ही का द्यायचे? वर्षभरात तो रद्द करायची तयारी झाली, राज्याच्या सिनेटने तसं मतदानही केलं. एप्रिल 1835 मध्ये स्टीव्हन्स कनिष्ठ सभागृहात उभा राहिला. ज्याच्या आईने शाळेसाठी घर हलवलं तो माणूस बोलत होता. वारं फिरलं, शाळा वाचल्या. आयुष्यात केलेल्या कामांपैकी हेच त्याला स्वतःला फार मोलाचं वाटायचं.

पुढे 1837-38 मध्ये राज्याची नवी घटना लिहिताना मतदाराच्या व्याख्येत 'गोरा' हा शब्द घुसडला गेला. स्टीव्हन्स त्या सभेचा सदस्य होता. त्याने तयार झालेल्या घटनेवर सही करायला नकार दिला.

मग 1842 ला तो लँकेस्टर शहरात आला. लोखंडाच्या धंद्यात कर्ज झालं होतं, मोठ्या शहरात वकिली जास्त चालेल असा हिशेब. इथेच लिडिया हॅमिल्टन स्मिथ त्याच्या घरी कारभारीण म्हणून आली. मिश्र वंशाची, दोन मुलांची आई. वीसेक वर्षं, त्याच्या मरणापर्यंत, तिने घर सांभाळलं. स्वतःच्या हिमतीवर तिने घरं-जागाही विकत घेतल्या. दोघांचं नातं नेमकं काय होतं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. सिनेमाने आपली बाजू निवडली, मी निवडत नाही. एवढं नक्की, की ज्या काळात गोरे लोक कृष्णवर्णीय नोकराला नुसत्या नावाने हाक मारत, त्या काळात या घरात तिला 'मिसेस स्मिथ' म्हटलं जायचं. याच घराच्या मागे 2000 नंतर उत्खनन झालं, तेव्हा पाण्याचं एक जुनं टाकं सापडलं. पळून आलेल्या गुलामांना तिथे लपवत असावेत, असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज आहे.

आता दुसरा खटला. पुन्हा मेरीलँडचाच मालक, पुन्हा पेनसिल्व्हेनिया. पण साल 1851.

त्याच्या आदल्या वर्षी केंद्राने फरारी गुलामांचा कडक कायदा केला होता. पळालेला गुलाम कुठल्याही राज्यात सापडला तरी परत करायचा, आणि पकडायला मदत मागितली तर नागरिकाने ती द्यायची. एडवर्ड गोरसच नावाचा मालक चार गुलामांना पकडायला लँकेस्टर जिल्ह्यातल्या क्रिस्टियाना गावी आला, सोबत सरकारी अधिकारी. विल्यम पार्कर हा स्वतः गुलामीतून पळालेला माणूस, त्याच्या घरात ते लपले होते. पार्करच्या बायकोने शिंग फुंकलं, आजूबाजूचे कृष्णवर्णीय शेतमजूर बंदुका, कोयते, जे हाताला लागेल ते घेऊन जमले. गोळीबार झाला, गोरसच मेला. पार्कर आणि पळालेले लोक कॅनडाला निघून गेले. सरकारने हाती लागलेल्या 38 जणांवर थेट देशद्रोहाचा आरोप ठेवला. पहिला आरोपी कॅस्टनर हॅन्वे, एक गोरा गिरणीवाला. त्याचा गुन्हा काय? घोड्यावरून तिथे आला, आणि मदत मागितली तेव्हा नाही म्हणाला.

फिलाडेल्फियात ज्या इमारतीत अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, त्याच इमारतीत हा खटला चालला. बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होता. मुख्य भाषण मुद्दाम दुसऱ्या वकिलाने केलं, कारण स्टीव्हन्सचं नाव एव्हाना इतकं भडक झालं होतं, की ज्युरी बिथरायची भीती. ज्युरी आत गेली आणि सुमारे पंधरा मिनिटांत बाहेर आली. निर्दोष. बाकीच्यांवरचे देशद्रोहाचे खटले सरकारला सोडून द्यावे लागले.

तोपर्यंत तो संसदेत निवडून गेला होता, पण या असल्या भूमिकांमुळे 1853 मध्ये बाहेर पडावं लागलं. परत आला 1859 मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, नव्या रिपब्लिकन पक्षातून. आणि खरी कारकीर्द इथून पुढची नऊ वर्षं. आपण तिशीच्या आत "उशीर झाला यार" म्हणतो, म्हणून सांगतोय.

यादवी युद्धात तो अर्थसमितीचा अध्यक्ष होता. युद्धाचा पैसा उभा करणं, कर, कागदी नोटा, सगळं त्याच्या टेबलावरून जायचं. दक्षिणेच्या सैन्याने 1863 मध्ये गेटिसबर्गच्या लढाईआधी त्याचा लोखंडाचा कारखाना मुद्दाम जाळला. आणि जीभ तर काय! लिंकनने मंत्रिपदासाठी सायमन कॅमेरॉनचं नाव घेतलं तेव्हाचा किस्सा प्रसिद्ध आहे. लिंकनने विचारलं, हा माणूस चोरी तर करणार नाही ना? स्टीव्हन्स म्हणाला, लालबुंद तापलेली शेगडी तेवढी चोरणार नाही. कॅमेरॉनला कळलं, तो भडकला, शब्द मागे घे म्हणाला. मग स्टीव्हन्स लिंकनकडे जाऊन म्हणाला, ठीक आहे, तो शेगडी चोरणार नाही हे माझं विधान मी मागे घेतो.

पण एवढा तिखट माणूस जानेवारी 1865 मध्ये सभागृहात स्वतःची जीभ आवरतो. तेरावी घटनादुरुस्ती, म्हणजे गुलामगिरी कायमची बंद, मंजूर व्हायला दोन तृतीयांश मतं हवी होती. विरोधकांना त्याच्या तोंडून "सगळे बाबतीत समान" हे शब्द हवे होते, म्हणजे काठावरचे सदस्य घाबरले असते. तो फक्त "कायद्यापुढे समान" एवढंच म्हणत राहिला. 31 जानेवारीला 119 विरुद्ध 56 मतांनी दुरुस्ती पास झाली.

त्यानंतर लिंकनची हत्या, आणि अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष. त्याने दक्षिणेतल्या जुन्या पुढाऱ्यांना भराभर माफी दिली. त्या राज्यांनी लगेच कायदे केले, की मुक्त झालेला माणूस कामाच्या कराराशिवाय फिरताना दिसला तर त्याला पकडून मजुरीला जुंपायचं. नाव बदललं, काम तेच. आणि डिसेंबर 1865 मध्ये या राज्यांचे खासदार, त्यात परवापर्यंत बंडखोर सरकारात असलेले लोक, वॉशिंग्टनला हजर!

इथे स्टीव्हन्सने जे केलं ते माझं सर्वात आवडतं. भाषण नाही, काही नाही. नवी संसद भरते तेव्हा कारकून हजेरी घेतो. ज्याचं नाव पुकारलं जाईल तो सदस्य. कारकून होता एडवर्ड मॅकफर्सन, गेटिसबर्गचा, स्टीव्हन्सच्या हाताखाली तयार झालेला. त्याने यादी वाचली आणि दक्षिणेची राज्यं सरळ वगळली. लोक उभे राहून ओरडले, याने मान वर केली नाही. लूप चालला, तेवढ्या ओळी स्किप. एका हजेरीने पुढच्या सगळ्या वर्षांचं राजकारण बदललं.

मग चौदावी घटनादुरुस्ती. अमेरिकेत जन्मलेला तो नागरिक, आणि कुठलंही राज्य कुणाला कायद्याचं समान संरक्षण नाकारू शकत नाही. समान संरक्षणाचा मजकूर मुख्यतः ओहायोच्या जॉन बिंगहॅमचा. स्टीव्हन्सने ही दुरुस्ती सभागृहातून पार नेली, पण खूश होऊन नव्हे. त्याला मताचा हक्क थेट हवा होता. मिळालं ते अर्धंमुर्धं: मत नाकारणाऱ्या राज्याच्या जागा कमी होतील, एवढंच. 13 जून 1866 ला त्याने सांगितलं, की माझ्या स्वप्नातली इमारत ही नाही, तरी मी मत देतोय, कारण मी देवदूतांत राहत नाही, माणसांत राहतो. 120 विरुद्ध 32.

ज्याची अमेरिकेतली मावसबहीण, मित्र, कलीग एच-वन-बी वर आहे त्याला हे वाक्य परकं नाही. "इथे जन्मलेलं बाळ इथलं नागरिक" हे याच दुरुस्तीतून येतं. जानेवारी 2025 मध्ये तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या मुलांना यातून वगळणारा आदेश निघाला आणि प्रकरण लगेच कोर्टात गेलं. तेव्हा आमच्या कॉलेज ग्रुपवर एका मैत्रिणीने, जिला मार्चमध्ये बाळ होणार होतं, रात्रभर त्याचीच चर्चा केली. कुणालाच स्टीव्हन्स किंवा बिंगहॅम ही नावं माहीत नव्हती. मलाही नव्हती.

आणि आपल्या संविधानाचं कलम 14 काढून बघा. योगायोगाने आकडाही तोच. "कायद्याचे समान संरक्षण" हे शब्द त्याच घराण्यातले.

जे जमलं नाही ते पण सांगायला हवं, कारण मला वाटतं सगळं तिथेच अडलं. सप्टेंबर 1865 मध्ये लँकेस्टरच्या भाषणात स्टीव्हन्सने एक हिशेब मांडला. दक्षिणेतल्या सुमारे 70 हजार बड्या बंडखोर जमीनदारांकडे 39 कोटी 40 लाख एकर जमीन आहे. ती सरकारने घ्यावी. दहा लाख मुक्त पुरुषांना प्रत्येकी 40 एकर द्यावी, म्हणजे 4 कोटी एकर. उरलेली 35 कोटी 40 लाख एकर सरासरी दहा डॉलरने विकून युद्धाचं कर्ज फेडावं. एक्सेलमध्ये टाकून बघा, बरोबर येतं. पण त्याच्याच पक्षाला हे झेपेना. आज बंडखोराची जमीन, उद्या आमच्या कारखान्याचं काय? योजना पडली. मुक्त झालेला माणूस जुन्याच मालकाच्या शेतात वाट्याने राबायला लागला, आणि ज्याच्या हातात धान्य, त्याच्याच हातात त्याचं मत.

शेवटची लढाई जॉन्सनवरच्या महाभियोगाची, 1868. स्टीव्हन्सला तेव्हा चालता येत नव्हतं, दोन जण खुर्चीसकट उचलून सभागृहात आणायचे. सिनेटमध्ये 35 विरुद्ध 19. हवी होती 36. एका मताने जॉन्सन वाचला. तीन महिन्यांनी, 11 ऑगस्टला, स्टीव्हन्स गेला. शेजारी मिसेस स्मिथ होती. संसद भवनात त्याचं शव ठेवलं तेव्हा पहाऱ्याला कृष्णवर्णीय सैनिक होते.

त्याच्या मरणानंतर पाच वर्षांनी, 1873 मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' निघालं. अर्पण कुणाला, तर गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. शाळेत हे मी एका मार्काच्या प्रश्नासाठी पाठ केलं होतं. ते "लोक" म्हणजे कोण, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

अमेरिकेत मात्र पुढची पन्नास वर्षं स्टीव्हन्स खलनायक ठरला. 1915 चा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा सिनेमा आला, त्यातला दुष्ट लंगडा पुढारी त्याच्यावरच बेतलेला. आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना मताचा हक्क देणं हीच घोडचूक, असं सांगणाऱ्या इतिहासकारांचं ठाणं होतं न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. ज्या विद्यापीठात 1913 ते 1916 आंबेडकर शिकत होते, तेच. हा धागा मला फार छळतो, पण त्यावर वेगळा एपिसोड लागेल.

लँकेस्टरला त्याची कबर आहे, छोट्याशा दफनभूमीत. शहरातल्या मोठ्या दफनभूमींच्या नियमांत कृष्णवर्णीयांना जागा नव्हती, म्हणून त्याने ही निवडली, आणि तसं स्वतः लिहून दगडावर कोरायला लावलं: एकांताची हौस म्हणून इथे नाही, तर आयुष्यभर जे तत्त्व सांगितलं ते मरणातही दाखवता यावं म्हणून. चॅरिटी बटलरबद्दल त्या दगडावर काही नाही.

एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी मामांना फोन केला होता. त्यांना विचारलं, एकूण किती ब्रेक घेतले असतील? म्हणाले, मोजले नाहीत रे, पण शेवटी 2009 ला जो दिला तो अजून चालूच आहे. आणि हसले.

पुढच्या शनिवारी: वाँग किम आर्क. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला एक स्वयंपाकी, ज्याला बोटीवरून उतरू दिलं नाही, आणि ज्याने चौदावी दुरुस्ती हातात धरून 1898 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकारला हरवलं. तोपर्यंत प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, शक्यतो रस्त्याच्या कडेला उभं राहून नको, हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही.